एका येझदीचा क्लच आणि काकूंची परवानगी

आमच्या बेळगावात एक काळ असा होता, की गल्लीत शिरणारी गाडी न बघता आवाजावरून ओळखायची. बाबांची येझदी १९७९ ची. टिळकवाडीत वळली की आई चहाचं आधण ठेवायची. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, बाबाही गेले, गाडी मात्र घरातच राहिली. दर रविवारी मी ती खानापूर रोडला एक फेरी मारून आणतो.

गेल्या वर्षी तिचा क्लच धरायला लागला. लिव्हर पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी पुढं सरकायची, सिग्नलला न्यूट्रल सापडायचा नाही. जावा-येझदीवाल्यांना माहीत आहे, आपल्या गाडीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, आणि तोच दांडा आत ढकलून फिरवला की किक होते. एवढी सोय असलेल्या गाडीत क्लचच सुटेना म्हटल्यावर चालवण्यात मजा काय?

आधी केबल बदलली. मग ऑइल बदललं. मग कॉर्कच्या नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवून बसवल्या. महिनाभर बरं चाललं, पुन्हा तेच. आमचा मिस्त्री घरी कन्नड बोलणारा, माझ्याशी मराठी. त्यानं डाव्या बाजूचं कव्हर काढून ड्रमच्या खाचांवरून नख फिरवलं नि म्हणाला, "प्लेटांचा दोष नाही साहेब, ड्रमच गेलंय की हो." प्लेटांचे कान ज्या खाचांतून मागंपुढं सरकतात, त्यांच्या कडांना दात पडले होते. कान त्यात अडकायचे, मग प्लेटा सुट्या व्हायच्याच नाहीत. थोडे दात असतील तर कानस मारून साफ करता येतात. पण आमच्या ड्रमवर आधीच कुणीतरी दोनदा कानस मारली होती. खाचा इतक्या रुंद झाल्या होत्या, की आणखी घासलं तर प्लेटा खडखडल्या असत्या. बाजारातून नवीन म्हणून एक ड्रम आणला, तोही नीट बसेना.

मग आठवली खानापूरच्या काकांची गाडी. तेच मॉडेल. काका जाऊन बारा वर्षं झाली, गाडी गोठ्यामागच्या पत्र्याखाली पोत्यानं झाकलेली. विचारायला गेलो, तर काकू दारातच म्हणाल्या, "यांची गाडी फोडायला आलास काय रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा पिऊन परत आलो.

चुलत भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, जुनी गाडी फोडणं हे पाप. आता नवीन होत नाहीत, एक कमी झाली की कायमची कमी झाली. त्याचं हे म्हणणं मला मान्य आहे. हौशी लोक चांगल्या चालू गाड्या विकत घेऊन सुटे भाग करून विकतात, तेव्हा माझाही जीव तुटतो. कागदपत्रं जागेवर आहेत, चासी शाबूत आहे, क्रँक फिरतो आहे, अशा गाडीला हात लावू नये. ती उभी करावी, नाहीतर उभी करणाऱ्याला द्यावी.

पण काकांच्या गाडीचं काय होतं? सायलेन्सर कधीच चोरीला गेलेला, उघड्या तोंडातून पावसाचं पाणी आत जाऊन पिस्टन जाम झालेला. चासी खालून कुजलेली, आरसी बुक सापडत नाही. भाऊ बारा वर्षांत एकदाही पोतं उचलून बघायला आला नव्हता. याला सांभाळणं म्हणायचं का? मी म्हणेन, आपण फक्त निर्णय पुढं ढकलत होतो. पत्र्याखाली एक गाडी गंजत होती आणि गावात दुसरी त्याच भागावाचून बंद पडत होती. असंच चाललं तर दहा वर्षांनी दोन्ही भंगारात.

हे सगळं मी दुसऱ्या खेपेला काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "लागतंय तेवढंच घे. बाकीचं पुन्हा झाकून ठेव."

इंजिन उघडलं. क्लचची बाजू ऑइलमध्ये राहिल्यानं चक्क स्वच्छ निघाली. ड्रम एकटा घेतला नाही. ड्रम, चेन आणि इंजिनाकडचं स्प्रॉकेट एकमेकांबरोबर झिजलेले असतात, म्हणून तिन्ही एकदम घेतले. प्लेटा मात्र नवीनच टाकल्या. दुसऱ्याच्या इंजिनातून लोखंड घ्यावं, कॉर्क आणि सील घेऊ नये. आणि क्रँककेसला हात लावायचा नाही, कारण इंजिन नंबर त्यावर असतो आणि आरसी बुकात तोच लिहिलेला असतो. आतलं काहीही बदललं तरी गाडी बाबांचीच राहते.

उरलेलं इंजिन जोडून, भोकं चिंध्यांनी बंद करून, कुठला भाग काढला ते चिठ्ठीवर लिहून ठेवलं. पुढं कुणाला गिअर लागला तर शोधाशोध नको.

पहिली फेरी खानापूरलाच केली. काकू फाटकाशी आल्या, कान देऊन ऐकलं नि म्हणाल्या, "आवाज तोच हाय रे." आवाज क्लचचा नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या परसात, माडीवर, गोठ्यात असं काहीतरी पोत्याखाली आहे. यंदाच्या पावसाळ्याआधी एकदा ते पोतं उचला. उभी राहण्यासारखी असेल तर उभी करा. नसेल, तर मॉडेल जुळतं का बघून ज्याची चालू आहे त्याला द्या, तेही ओळखीचे मिस्त्री हातीपायी धड आहेत तोवर. वजनावर भंगारवाल्याला मात्र देऊ नका. आणि द्यायच्या आधी घरातल्या काकूंना विचारा.