ओला दाणा वर ठेवा

पुण्यात चौदा महिने मी एका ऑफिसात बसून फोनवर आरोग्य विमा विकला. त्या काळात मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी मला एकच प्रश्न विचारला, "बेटा, ही कमाई हलाल आहे का?" विम्यात व्याज आहे, जुगाराचा अंश आहे, 'गरर' म्हणजे सौद्यातली अनिश्चितता आहे, हे आक्षेप मलाही माहीत आहेत. उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत, तो वाद सोडवणारा मी कोण? पण दिवसभर फोनवर मी काय बोलतो, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

तर ऐका. साडेनऊला हेडफोन कानाला लागायचा. डायलर स्वतःच नंबर लावतो, एक कॉल संपला की दुसरा. समोर नांदेडचा शिक्षक असेल नाहीतर भिवंडीचा लूमवाला. नेटवर प्रीमियम बघताना नंबर टाकून बसलेला. (नावाचंही एक प्रकरण होतं. माझं नाव दोन्हीकडे चालणारं, म्हणून वाचलो. शेजारच्या मित्राला कॉलवर 'अमित' व्हावं लागलं.) स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कॅशलेस, दुसऱ्या ओळीत कव्हर, आणि वेटिंग पिरियड अगदी तळाशी, श्वास न घेता वाचायचा.

आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. एप्रिल २०२४ आधी ही मर्यादा ४ वर्षं होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांना बहुतेक पॉलिसींत २ वर्षं. खोलीभाड्याला मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर नुसता भाड्याचा फरक जात नाही. डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते. हे सगळं नीट सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "घरी विचारून सांगतो." आणि तुमचं टार्गेट गेलं.

सगळ्यात वाईट म्हणजे शुगर. गिऱ्हाईक सहज बोलून जातं, "थोडी शुगर आहे, गोळी चालू आहे." फॉर्मवर लिहिलं तर तपासण्या, वाढीव प्रीमियम, आठवडाभर उशीर. आमचा टीएल पाठीमागून हळूच म्हणायचा, "कॉल म्यूट कर. आता परत लाव आणि सांग, सगळ्याला 'नाही' म्हणा." रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज कुठेच नाही. माझा आहे. असं मी दोनदा केलं. दोनदाच, असं म्हणून सुटका होत नाही. उद्या तो माणूस ॲडमिट झाला, जुने कागद निघाले, की आजार लपवला म्हणून क्लेम नाकारला जाणार. खोटं त्याच्या नावावर, प्रीमियम कंपनीकडे.

पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाहीस असं व्यापाऱ्याला सुनावलं. हा प्रसंग जुम्म्याच्या बयानात शंभर वेळा ऐकलाय. मग विम्याच्या स्क्रिप्टमध्ये हात घालायला आम्ही का घाबरतो? पोराला हराम म्हणणं सोपं आहे. पंधरा-सोळा हजारांत घर चालवणारं पोर उलट बोलत नाही. पगार फक्त विक्रीवर टांगणाऱ्या मालकाला कोण विचारणार? वेटिंग पिरियड पहिल्या मिनिटात सांगायचा आणि आजार लपवायला सांगणाऱ्या टीएलवर कारवाई करायची, एवढं केलं तरी ही नोकरी इज्जतीची होईल.

तोवर फोन आला तर आजार सांगाच, फॉर्मची प्रत मागाच. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे आम्ही तुम्हाला आपणहून सांगत नाही, कारण परत आलेली पॉलिसी आमच्या इन्सेंटिव्हमधून वजा होते.

मला हलाल-हराम विचारणाऱ्या एका चाचांचा मागच्या महिन्यात फोन आला. चाचींसाठी पॉलिसी घ्यायची होती. बीपी आहे, लिहू की नको, असं विचारत होते.