जुन्या ट्रॅक्टरास अवजार मिळविताना

बीड जिल्ह्यातील पुष्कळ ट्रॅक्टरांचे वर्ष दसऱ्यापासून सुरू होते. ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर ते साखर कारखान्यांची वाट धरतात, हिवाळाभर ट्रॉल्या ओढतात आणि गाळप आटोपले म्हणजे गावी परततात. तोवर उन्हाळी नांगरटीचे दिवस आलेले असतात. बांधावर उघड्यावर पडलेल्या पलटी नांगराचे फाळ झिजून गेलेले असतात, कल्टिवेटरचा एखादा दाता मोडलेला असतो, रोटाव्हेटरच्या गिअरपेटीत पाणी शिरलेले असते. ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षांचा असला की शेतकऱ्यास दोनच सल्ले मिळतात. नवे अवजार घ्यावे, नाहीतर जुना ट्रॅक्टर विकून कर्जाने नवा घ्यावा. हे दोन्ही सल्ले बहुधा घाईचे असतात. कोरडवाहू जमिनीचे उत्पन्न पावसावर, हप्ता मात्र तारखेवर. आणि तो फेडण्यासाठी ट्रॅक्टरास पुन्हा कारखान्याचीच वाट धरावी लागते.

ट्रॅक्टर जुना, त्याचा कारखाना बंद, म्हणून आता त्यास अवजार मिळणार नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. एच.एम.टी.चा पिंजोर येथील ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मान्यता दिली, तेव्हापासून ती अधिकच दृढ झाली आहे. इंजिनाच्या सुट्या भागांपुरती ती काही अंशी खरी असेल. अवजारांच्या बाबतीत ती खरी नव्हे. अवजार ट्रॅक्टरच्या नावास जोडले जात नाही, ते तीन बिंदूंच्या जोडणीस जोडले जाते. आणि या जोडणीची मापे प्रमाणित आहेत. पहिल्या वर्गात खालच्या पिना २२ मिलिमीटर जाडीच्या व वरची १९ मिलिमीटरची असते. खालच्या दोन बिंदूंमधील अंतर ६८३ मिलिमीटर. दुसऱ्या वर्गात खालच्या पिना सुमारे २८ मिलिमीटर, वरची सुमारे २५ मिलिमीटर आणि अंतर ८२५ मिलिमीटर असते. ट्रॅक्टरचे गोळे दुसऱ्या वर्गाचे व अवजाराच्या पिना पहिल्या वर्गाच्या असल्यास मध्ये बुश घालून काम भागते. याउलट असेल, तर अवजाराच्या पिना बदलाव्या लागतात. तेही मोठ्या खर्चाचे काम नव्हे. पी.टी.ओ.चा दांडा सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा व ५४० फेऱ्यांचा असला म्हणजे बाजारातील बहुतेक रोटाव्हेटर त्यास जोडता येतात. मात्र दुसऱ्या ट्रॅक्टरवरून आलेल्या अवजाराचा जोडदांडा जुळवून पाहिल्याविना चालवू नये. तो लांब असल्यास अवजार उचलताना आत रुतून गिअरपेटीचे बेअरिंग फोडतो.

जुने अवजार विकत घेताना लोक रंग पाहतात. पाहावयास हवी ती चौकट. ती तिरपी झालेली नसावी, जोडकामात भेगा नसाव्यात. गिअरपेटीतील तेल बोटांवर घेऊन त्यात लोखंडाचा चुरा आहे काय, हे पाहावे. फाळ, पाती व तवे झिजलेले असल्यास भिण्याचे कारण नाही, ते झिजण्यासाठीच असतात. चौकट सरळ करणे, पट्टी लावणे, दाता बदलणे ही कामे गावचा लोहार किंवा तालुक्याचा वेल्डिंगवाला उत्तम करतो. परंतु रोटाव्हेटरची पाती त्याच्याकडून साध्या पाट्यांची करून घेणे ही काटकसर नव्हे. आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत ती पाहता पाहता संपतात. मूळ पात्यास वेल्डिंगने डागले तर त्याचे पाणी उतरते. तुटलेल्या शिअर बोल्टाच्या जागी जाड बोल्ट ठोकणाराही पुढे गिअरपेटीचा खर्च ओढवून घेतो.

शक्तीचाही हिशेब पाहिजे. पाच फुटी रोटाव्हेटरला ढोबळमानाने ३५ ते ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, आणि झिजलेले इंजिन पाटीवर लिहिलेली शक्ती देत नाही. गेवराई-माजलगावच्या भारी काळ्या जमिनीत तर हे फारच जाणवते. जुन्या ट्रॅक्टरास रुंद रोटाव्हेटर जोडण्यापेक्षा अरुंद घ्यावा, किंवा कल्टिवेटरवरच भागवावे. त्याच कल्टिवेटरच्या चौकटीवर बियाणे व खताची पेटी बसविता येते. त्यामुळे स्वतंत्र पेरणी यंत्राचा खर्च वाचतो.

कृषि यांत्रिकीकरण उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू झाले. त्याखालील अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती घ्यावी लागते, आणि ते नव्या, तपासलेल्या अवजारासच मिळते. ते घ्यावे, पण अनुदान मिळते म्हणून आपल्या ट्रॅक्टरास न पेलणारे अवजार घरी आणू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून अवजारांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्की पावती मागितल्यास त्याचा लाभ पदरात पडतो.

येथे गावपातळीवरील कृषि कर्मचाऱ्यांचेही काम आहे. प्रात्यक्षिकास नवे यंत्र आणले जाते, त्याभोवती गर्दी होते, छायाचित्रे निघतात. गावातच पाच ठिकाणी गंजत पडलेल्या नांगरांची यादी मात्र कोणाजवळ नसते. ट्रॅक्टर विकला, भावांच्या वाटण्या झाल्या, म्हणून निकामी पडलेली पुष्कळ अवजारे दुसऱ्याच्या उपयोगाची असतात. कोणाकडे काय आहे आणि त्याच्या पिना कोणत्या मापाच्या आहेत, एवढे जरी वहीत टिपले तरी पुष्कळांची तालुक्याची खेप वाचेल.

ट्रॅक्टर कारखान्यावर असला तरी अवजार गावातच असते. दुरुस्तीस तेच महिने सोयीचे. त्याकरिता दसऱ्यापूर्वी ट्रॅक्टरच्या पिना, दोन बिंदूंमधील अंतर व पी.टी.ओ. दांडा मोजून मापे घरात लिहून ठेवावीत. आणि अवजार बांधावरून उचलून, ग्रीस लावून, छपराखाली विटांवर ठेवावे.