दादीच्या फोनचे पहिले पान

नवा स्मार्टफोन घरात आला की तो बहुधा नातवाच्या हातून सुरू होतो आणि त्याच्याच सवयीने सजतो. मग तोच फोन दादीच्या हाती दिला जातो. पहिल्या पानावर खेळ, खरेदी आणि बातम्या. मुलीचा नंबर मात्र चार पायऱ्या आत. रात्री छातीत कळ आली तर त्या पायऱ्या कोण चढणार?

उपाय फोनमध्येच आहे. अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, ‘विजेट्स’ हा पर्याय येईल. विजेट म्हणजे अ‍ॅपचा छोटा चौकोन. अ‍ॅप न उघडता त्यातली माहिती समोर राहते. घड्याळ, कॅलेंडर, हवामान, हवा तो चौकोन बोटाने ओढून मांडावा. बहुतेकांच्या कडा ओढून आकारही वाढवता येतो. अँड्रॉइडवर ही सोय २००९ पासून आहे, आयफोनच्या होम स्क्रीनवर २०२० मध्ये आली. तरी कित्येक घरांत तिला कुणी हात लावलेला नसतो.

सर्वांत मोलाचा चौकोन ‘कॉन्टॅक्ट्स’मधला, थेट फोन लावणारा. त्यावर फोटो दिसतो आणि एका स्पर्शात फोन लागतो. अक्षर वाचता न येणाऱ्या बाईलाही लेकीचा चेहरा ओळखता येतो. असे दोन-तीनच ठेवा. आठ ठेवले की पुन्हा बाजार भरला.

नमाजच्या वेळांचा चौकोन लावताना त्या अ‍ॅपची सेटिंग जरूर पाहावी. माध्यान्हीची सावली वगळून, शाफई पद्धतीत सावली वस्तूएवढी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफी पद्धतीत ती दुप्पट व्हावी लागते. कोकणातल्या माहेरी आणि मराठवाड्यातल्या सासरी फोन वेगळी वेळ दाखवत असतील, तर फोन बिघडला असे समजू नये. चौकोन जुनीच वेळ दाखवत राहिला, तर मात्र बॅटरी वाचवण्याची सेटिंग त्या अ‍ॅपपुरती सैल करावी.

थरथरत्या बोटांनी चौकोन सरकतात, पुसलेही जातात. म्हणून मांडणीला कुलूप लावावे. सॅमसंगमध्ये ते ‘होम स्क्रीन’च्या सेटिंगमध्ये मिळते, इतरही अनेक फोनांत आहे.

आणि हे सारे दादीला शेजारी बसवून, तिला विचारून करावे. मुलाच्या आधी तिला शेजारणीचा फोटो हवा असेल, तर तो आधी ठेवावा. मुलगा दुबईत आहे, शेजारीण भिंतीपलीकडे.