राजीनाम्याआधी जागा हवी

आयटी सोडून गावाकडे परतलेल्या तरुणाची बातमी सगळ्यांनाच आवडते. मोठं पॅकेज, मग राजीनामा, मग शेळीपालन किंवा सेंद्रिय शेती आणि शेवटी बांधावरचा हसरा फोटो. घर आता कशावर चालतं, हे मात्र त्या बातमीत सहसा नसतं.

धाराशिव जिल्ह्यात तो प्रश्न आधी विचारावा लागतो. इथल्या आठ तालुक्यांतून शिकलेली मुलं-मुली हिंजवडीला, खराडीला जातात ती हौसेनं नव्हे. 2012-13 चा दुष्काळ, पाठोपाठ 2015-16 चा दुष्काळ या घरांनी सोसलेला आहे. पोराच्या पगारातून बोअरचं कर्ज फिटतं, धाकटीचं शिक्षण होतं, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. अशा पगाराला कुणी निरर्थक म्हटलं, तर कळंबच्या किंवा परंड्याच्या त्या घराला ते पटणार नाही, आणि पटूही नये. पण रात्री उशिरापर्यंत परदेशी क्लायंटच्या कॉलवर बसणाऱ्या त्याच मुलाला आपण करतो त्याचा उपयोग नक्की कुणाला होतो हे सांगता येत नाही, ही खंतही तितकीच खरी आहे. तिची टिंगल करू नये.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. आयबीएममधली नोकरी सोडून डहाणूजवळ शेती करणाऱ्या व्यंकट अय्यर यांनी 2018 मध्ये आपल्या अनुभवाचं पुस्तकच लिहिलं. 2006 मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सुरू केलेल्या ‘निर्माण’ या तरुणांसाठीच्या उपक्रमातही नोकरी आणि जगणं यांचा मेळ शोधणारे इंजिनिअर येत राहिले. पण धाराशिवनं ज्याच्याकडे सर्वांत बारकाईनं पाहावं असं उदाहरण आणखी जुनं आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून आलेले संशोधक. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातली वरची जागा सोडून पन्नाशी उलटल्यावर, 1983 मध्ये, त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. 2003 मध्ये निधन होईपर्यंत त्यांचं काम तेच राहिलं. त्यांनी आपलं तंत्रज्ञान शहरात सोडलं नाही, सोबत आणलं. शाळा सुटलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती परीक्षण शिकली, आणि तेही गावाला ज्याची गरज आहे, ज्याचे पैसे गाव देईल, अशी कामं प्रत्यक्ष करत.

त्यातलं एक काम भूजल शोधण्याचं. मराठवाड्यात आजही बोअर घेण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ धरून रानातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथे खूण होते आणि कर्जाऊ पैसे जमिनीत जातात. पाबळची मुलं लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायची, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विद्युतदाब मोजायची. खुंट्या लांब लांब नेल्या की अधिक खोलवरचा अंदाज येतो. ओला थर विजेला कमी अडवतो. इकडच्या बालाघाट डोंगररांगेतल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि मुरमातून वाहतं, त्यामुळे यंत्रही फसू शकतं. पण ते का फसलं याची नोंद राहते, पुढचा बोअर घेणाऱ्याला ती कामी येते. शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती ही विद्या देणं हे कुठल्याही बड्या कंपनीतल्या कामाइतकंच तोलामोलाचं इंजिनिअरिंग आहे.

बाहेरून येणाऱ्यांचा अनुभव धाराशिवलाही आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं लोहारा आणि उमरगा भागातली गावं कोसळली, तेव्हा मदतीला माणसांची रीघ लागली. बहुतेक परतली, काही राहिली. घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालचं ते काम पुढे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेत वाढलं. घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा बाईच्या हाती, त्यात भाजीपाला, डाळी, धान्य, आणि आधी घरचं ताट, मग बाजार, अशी शेती तिथे उभी राहिली. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. दोन्हीकडे शिकलेल्या माणसांनी विद्या गावातल्या बायकांच्या हाती दिली आणि निर्णयही त्यांच्याकडे जाऊ दिला. शहरातून येणाऱ्या इंजिनिअरला हे दुसरं काम जास्त जड जातं.

आता मुद्दा पैशाचा. धाराशिव 2018 पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रामीण आवार आहे, म्हणजे शिकण्याची सोय आहे. मुख्यमंत्री फेलोशिप तरुणांना प्रशासनात आणते, पण वर्षभरापुरती. 2020 मध्ये केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्यांची योजना आणली. तिच्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिन्याला 25,000 रुपयांपर्यंत मदत धरली आहे आणि व्यवस्थापनखर्चाची ही मदत तीनच वर्षं मिळते. सोयाबीनची खरेदी, गोदाम, बँकेचं कर्ज, हजारभर सभासदांचा हिशेब, ओलाव्यावरून होणारी भावाची घासाघीस, हे सगळं त्या एका माणसानं तेवढ्यात सांभाळायचं. सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं घालवलेली, आईवडिलांची जबाबदारी असलेली मुलगी उमरग्याला परतून हे काम उत्तम करेल. पण तीन वर्षांनी पगार थांबणार हे दिसत असताना तिच्याकडे त्यागाची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

परत या, असं भाषणांतून सांगणाऱ्या जिल्ह्यातल्या नेत्यांनी, साखर कारखान्यांनी आणि जिल्हा परिषदेनं आधी जागा जाहीर कराव्यात: उत्पादक कंपन्यांना व्यवस्थापक, पाणलोटाच्या नोंदी ठेवणारे, प्राथमिक आरोग्य केंद्रांची माहिती-व्यवस्था नीट लावणारे. मुदत निदान पाच वर्षं, पगार घर चालेल इतका, आणि कामाचा जाब गावसभेपुढे. पुण्यात बसलेल्यांनाही राजीनाम्यापर्यंत थांबण्याचं कारण नाही. सुट्टीला गावी आल्यावर आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या उत्पादक कंपनीच्या कार्यालयात जावं, खरेदीच्या हंगामात चार दिवस वजनकाट्याशी बसावं, पावत्या लिहाव्यात, सभासद कशावरून चिडतात ते ऐकावं. तिथे आपली गरज आहे की नाही, हे काट्याजवळच्या बाया आणि हमालच सांगतील.