बर्फावर घसरणारी गाडी आणि तिला सावरणारे यंत्र

मोटार चालवून संसार चालवणारे बांधव आपल्यात पुष्कळ आहेत. पावसाळ्यातला निसरडा रस्ता त्यांना नवा नाही. पण हिवाळ्यात प्रवासी घेऊन मनालीकडे जावे लागले, तर गाठ बर्फाशी पडते. नव्या गाड्यांत घसरण आवरणारे ‘ईएससी’ नावाचे यंत्र असते. काही कंपन्या त्यालाच ‘ईएसपी’ म्हणतात. ते असले की बर्फाचे भय नाही, असा समज आम्हाला अनेकांच्या बोलण्यात आढळतो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून आज त्याविषयी.

या यंत्राची कल्पना बर्फातच सुचली. १९८९ साली स्वीडनमध्ये मर्सिडीजचे अभियंते फ्रँक-वेर्नर मोन यांची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली. ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारे ‘एबीएस’ तेव्हा आले होते, पण गाडी आडवी फिरू लागली तर तिला सावरणारे काही नव्हते. पुढे बॉश कंपनीच्या जोडीने हे यंत्र तयार झाले आणि १९९५ साली मर्सिडीजच्या महागड्या गाडीत प्रथम बसले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. चालकाने स्टिअरिंग किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याचा मेळ ते सतत पाहत असते. डाव्या वळणावर गाडीचे मागचे अंग बाहेर फेकले जाऊ लागले, तर ते पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लावते. गाडी वळायचे सोडून सरळच जाऊ लागली, तर मागच्या डाव्या चाकाला लावते. गरज पडल्यास इंजिनची ताकदही कमी करते. त्या वेळी समोरचा पिवळा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला की समजावे, रस्त्याची पकड सुटत चालली आहे; वेग ताबडतोब पण हलकेच कमी करावा. दिवा सतत पेटून राहिला, तर यंत्र बंद आहे किंवा बिघडले आहे, मेकॅनिकला दाखवावे.

मात्र हे यंत्र दिशा सावरते, टायरची पकड वाढवत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटर. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होते. तिथे कुठलेही यंत्र काही करू शकत नाही.

आणखी एक गोष्ट. गाडी भुसभुशीत बर्फात रुतली आणि चाके जागीच फिरू लागली, की यंत्र इंजिनची ताकद कापते आणि गाडी हलत नाही. अशा वेळी बटण दाबून यंत्र तात्पुरते बंद करावे, हलक्या ॲक्सिलरेटरने गाडी बाहेर काढावी आणि लगेच यंत्र पुन्हा सुरू करावे.

२०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. तेव्हा निघण्यापूर्वी टायरची नक्षी पाहावी, साखळ्या जवळ ठेवाव्यात, उतारावर खालचा गिअर घालावा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवावे. मालकाने वा प्रवाशाने घाई केली, तरी नम्रपणे नकार द्यावा. घरी वाट पाहणाऱ्यांना दोन तासांच्या उशिराचे काही वाटत नाही.