दादा बरा झाला, पण...

आमच्या ऑफिसातला एक मित्र नांदेडचा. एकदम बडबड्या. पण परवा कँटीनमध्ये चहा गार झाला तरी गप्पच. मग हळूच म्हणाला, ‘वहिनी लातूरला माहेरी जाऊन बसलीय. आणि दादा कुणाशी काही बोलत नाही.’

दादा चाळिशीच्या आतला. तीन वर्षांपूर्वी गुदद्वाराचा कॅन्सर निघाला. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईच्या फेऱ्या, केमो आणि ओटीपोटावर ‘लाइट’, म्हणजे रेडिएशन. दादा बरा झाला, घरच्यांनी पेढे वाटले. आणि वर्ष-दीड वर्षानं ताठरता हळूहळू कमी होत गेली. दादाला वाटलं, टेन्शन असेल. वहिनीला वाटलं, आपणच आता आवडत नाही.

गोची इथंच आहे, बॉस! ऑपरेशनमध्ये नसा दुखावल्या तर लगेच कळतं. रेडिएशनचं तसं नसतं. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू आक्रसतात, आतलं लवचिक मांस कडक होतं. त्रास सुरू व्हायला कधी दोन-तीन वर्षंही जातात. तोवर ‘लाइट’ आणि हे दुखणं यांचा संबंध कोण जोडणार?

उपाय आहेत. आधी गोळ्या, मग व्हॅक्यूम पंप, मग इंजेक्शन. (गोळी मेडिकलवाल्याला कानात विचारून घेऊ नका. छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते.) यातलं काहीच लागू पडलं नाही, तर इम्प्लांट.

नाव ऐकून दचकू नका. लिंगाच्या आत दोन नळ्या बसवतात, बाहेरून काही दिसत नाही. फुगवता येणाऱ्या प्रकारात एक छोटा पंप अंडकोषाच्या पिशवीत असतो. तो दाबला की ओटीपोटातल्या फुग्यातलं पाणी नळ्यांत येतं. ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ मध्ये हे आणलं. किंमत मात्र लाखांत. दुसरा प्रकार वाकवून ठेवायच्या नळ्यांचा. मुंबईच्या डॉ. रूपिन शहांनी आपल्या लोकांच्या खिशाला परवडेल असा इम्प्लांट तयार केला, तो याच जातीचा.

आता खरं-खरं. इम्प्लांटनं लांबी वाढत नाही, इच्छाही वाढत नाही. स्पर्श आणि सुख जेवढं शिल्लक आहे तेवढंच राहतं. एकदा बसवला की नैसर्गिक ताठरता परत येईल ही आशा सोडायची. शुगर असेल तर आधी ती आटोक्यात हवी, कारण जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा सगळं काढावं लागतं. लाइट घेतलेल्या भागात ऑपरेशनही जरा अवघड. म्हणून असे इम्प्लांट नेहमी बसवणारा युरॉलॉजिस्टच गाठायचा. मुंबई-पुण्याची एक फेरी आणखी, एवढंच. कॅन्सरसाठी घरानं एवढा प्रवास केलाच होता ना?

र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, तेही मराठीत. आणि आपण अजून फाईल उलटी धरून बसतो. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही, आणि वहिनीला तर कुणी केबिनमध्ये बोलावतसुद्धा नाही. खरं म्हणजे हा निर्णय दोघांचा. इम्प्लांट नकोच असंही दोघं ठरवू शकतात. पण आधी कारण तर कळू द्या तिला!

मित्रानं त्याच संध्याकाळी दादाला फोन लावला. पहिली दहा मिनिटं सोयाबीनच्या भावात गेली म्हणे.