थरथर कोणाची?

अब्बांना पार्किन्सन आहे. उजवा हात सतत थरथरतो, म्हणून चहाचा कप आम्ही अर्धाच भरतो. गेल्या महिन्यात त्यांना गरगरल्यासारखे झाले आणि आम्ही दवाखाना गाठला. ईसीजी निघाला. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर पट्टी पाहून म्हणाले, "हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ३०० च्या गतीने फडफडताहेत असे दिसते. दाखल करा. रक्त पातळ करण्याचे औषध सुरू करावे लागेल."

माझे हातपाय गळाले. अब्बा यंदा दोनदा घरात पडले आहेत. अशा माणसाचे रक्त पातळ केले आणि तो पुन्हा पडला, तर?

थोड्या वेळाने मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पट्टीआधी अब्बांचा हात पाहिला. उजव्या मनगटावरची क्लिप काढून त्या जागी खांद्याजवळ पट्टी चिकटवली, हात उशीवर टेकवून ठेवला आणि दुसरा ईसीजी काढला. फडफड गायब! हृदय आपल्या शांत चालीने चालले होते. पट्टीवर उमटली होती ती हाताची थरथर.

घरी आल्यावर अब्बा हसून म्हणाले, "थरथरला हात, बदनाम झाले दिल!"

माझी भाची बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे दुल्हाभाई अजूनही विचारतात, "पोरगी ना डॉक्टर होणार, ना धड इंजिनिअर, मग शिकते तरी काय?" त्या संध्याकाळी तिने लॅपटॉप उघडला आणि उत्तर दिले.

तिच्याकडे लॅबव्ह्यू नावाचे सॉफ्टवेअर होते. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने ते १९८६ मध्ये आणले. त्यात ओळीमागून ओळ आज्ञा लिहायच्या नसतात. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि तारांनी जोडायचे. एक चौकोन नोंद वाचतो, दुसरा ती गाळतो, तिसरा आलेख काढतो. चौकोनाला लागणारी सगळी माहिती तारांतून पोहोचली की मगच तो कामाला लागतो. कांदा परतल्याशिवाय मसाला पडत नाही, तसेच.

अब्बांचा ईसीजी कागदावर होता, म्हणून तिने अमेरिकेतल्या बोस्टनचा एक प्रसिद्ध संग्रह घेतला. तिथल्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९७५ ते १९७९ या काळात घेतलेल्या, अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी त्यात आहेत. दर सेकंदाला ३६० मोजमापे. आज त्या कोणालाही मोफत मिळतात.

"खाला, तुम्ही वर्गात शेराची तक्तीअ करता ना?" तिने विचारले. "आणि मराठीच्या तासाला गण पाडता? हेही तसेच. फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या ग्रंथात दाखवले, की वेडीवाकडी रेघसुद्धा साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. हा चौकोन त्या लाटा वेगळ्या करतो आणि कोणती लाट सेकंदाला किती वेळा येते ते दाखवतो." सेकंदाला एकदा म्हणजे एक हर्ट्झ.

तिने निवडलेल्या नोंदीत हृदय मिनिटाला सुमारे ७५ ठोके देत होते, म्हणजे सेकंदाला सव्वा. आलेखात सव्वाजवळ एक टोक उभे राहिले. पुढे अडीच, पावणेचार, पाच अशीही टोके होती. ठोका ही गोल लाट नसते, टोकदार असते. म्हणून तिच्या पटीतल्या लाटाही सोबत येतात. मिनिटाला १५ वेळा श्वास घेणाऱ्या माणसाचा श्वास सेकंदाला पाव वेळा, म्हणजे अगदी डावीकडे दिसतो. विजेच्या तारांची गुणगुण आपल्याकडे ५० वर येते, अमेरिकेत ६० वर.

मग तिने एक चौकोन जोडून त्या नोंदीत सेकंदाला ५ वेळा येणारी लाट मिसळली. "ही नानांच्या हाताची थरथर. पार्किन्सनचा कंप बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान असतो. आता सांगा, मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला किती?"

"पाच," मी म्हटले, आणि चपापले. हृदयाची फडफड आणि हाताचा कंप, दोघांचा पत्ता एकच!

"मग ५ ची लाट गाळून टाकायची," मी सुचवले.

"त्या जागी हृदयाची स्वतःचीही लाट आहे, खाला. तीही जाईल. आणि ती खरीच फडफड असली, तर आपण आजारच पुसून टाकू. हा आलेख किती वेळा ते सांगतो. कोण ते सांगत नाही."

कोण, ते ओळखायला पुन्हा पट्टीकडे यावे लागते. ईसीजीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत उजव्या हाताचा वाटा असतो. तिसरी डावा हात आणि डावा पाय यांच्यामधली. अब्बांच्या पहिल्या पट्टीत तिसरी रेघ जवळपास स्वच्छ होती. हृदय फडफडत असते, तर सहसा ते तिथेही ठळक दिसले असते.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा ईसीजी काढताना एवढे करा. हात-पाय थरथरत असतील, तर क्लिप लावण्याआधीच सांगा. थंडी वाजत असेल तर पांघरूण मागा, कारण कुडकुडणेही रेघेत उतरते. जुने ईसीजी फाईलमध्ये जपून ठेवा. पट्टी अस्पष्ट वाटली तर पुन्हा काढता येईल का, हे नम्रपणे विचारा. पण निदान स्वतः करू नका. कंप असलेल्या माणसाला खरी फडफडही होऊ शकते, निर्णय डॉक्टरांचाच.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणखी एक. घरी, कमाईच्या हेतूशिवाय शिकायला लॅबव्ह्यूची मोफत आवृत्ती २०२० पासून मिळते.

दुल्हाभाई दारात उभे राहून सगळे ऐकत होते. निघताना मुलीला म्हणाले, "पुढच्या वेळी नानांना दवाखान्यात नेताना तू बरोबर जा."